विश्लेषण : ताप नेमका कुठून आला? आजाराआधीचे दिवस काय सांगतात?

पावसाळा लागला की ताथवड्यातल्या एखाद्या पीजीत कुणाला तरी ताप येतो आणि आठवडाभरात सगळ्या मजल्यावर खोकला ऐकू येऊ लागतो. ‘कुठून आणलास?’ या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. पावसात भिजलो, थंड प्यायलो, नाहीतर हिंजवडीच्या बसमध्ये शेजारचा शिंकत होता. साथरोगतज्ज्ञही हाच प्रश्न विचारतात, पण रुग्णाला आठवलेल्या पहिल्या उत्तरावर ते थांबत नाहीत.

दिवस मागे कसे मोजतात?

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुतेकदा दोनच. करोनाच्या सुरुवातीच्या काळात हा अवधी २ ते १४ दिवसांचा धरला जात असे. क्षयरोगात तर महिने, कधी वर्षे लागतात. म्हणजे शुक्रवारी फ्लूचा ताप चढला तर शोध सोमवार ते गुरुवारच्या दिनक्रमात घ्यायचा. गुरुवारी रात्री उशिरा खाल्लेल्या आइस्क्रीमवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून आणि करोनाचा रुग्ण दोन दिवस आधीपासून इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्यामुळे लक्षात राहतो तो शिंकणारा प्रवासी, पण विषाणू देणारा त्या दिवशी ठणठणीत दिसणारा खोलीतला मित्रही असू शकतो.

पुण्यातल्या पहिल्या रुग्णांच्या वेळी काय दिसले?

राज्यातले पहिले करोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. दुबईची सहल करून १ मार्चला परतलेले ते दाम्पत्य होते. त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी आणखी तिघे बाधित निघाले. एक त्यांची मुलगी, दुसरा विमानातला सहप्रवासी आणि तिसरा त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक. पाठोपाठ त्याच सहलीतले तीन जण पिंपरी-चिंचवडमध्येही बाधित आढळले.

ही नावे नव्हे, नाती पाहावीत. घर, सहलीतली सोबत, विमानातला प्रवास आणि टॅक्सीतले काही तास. रस्त्यावरून जाता-जाता भेटलेला अनोळखी माणूस या यादीत नाही. अर्थात असा माणूस शोधून काढणे मुळात अवघड असते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

रुग्णाच्या आठवणीवर विसंबता येते का?

एकट्या रुग्णाला विचारले तर तो बाजारात गेला होता, असे निघते. पण बाजारात तर सगळेच जातात. म्हणून आजारी नसलेल्यांनाही तेच प्रश्न विचारून तुलना करावी लागते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने जुलै २०२० मध्ये ११ रुग्णालयांत हेच केले. लक्षणे असल्याने तपासणीसाठी आलेल्यांपैकी १५४ बाधित आणि १६० बाधित नसलेल्या प्रौढांना आधीच्या १४ दिवसांचा हिशेब विचारला.

खरेदी, केशकर्तनालय, व्यायामशाळा, सार्वजनिक वाहने यांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. फरक दिसला तो दोन ठिकाणी. बाधितांपैकी ४२ टक्के जणांचा ज्ञात रुग्णाशी निकटचा संपर्क आला होता, दुसऱ्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. अशा संपर्कातल्या निम्म्याहून अधिक व्यक्ती घरच्याच होत्या. शिवाय उपाहारगृहात जेवल्याचे सांगण्याची शक्यता बाधितांत दुपटीहून अधिक होती. मुखपट्टी नेहमी वापरतो, असे सांगणारे मात्र दोन्हींकडे सत्तर टक्क्यांच्या पुढे होते. अभ्यास लहान होता आणि लोक आत बसून जेवले की बाहेर, हे त्यात विचारलेच नव्हते. तरी मुखपट्टी काढायला लावणारी जागा त्यातून पुढे आली.

जेवणाच्या टेबलावर काय घडते?

चीनमधल्या ग्वांगझू शहरातले उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या खिडक्या नसलेल्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवली आणि त्यांतले १० जण बाधित निघाले. त्या मजल्यावरच्या इतर ग्राहकांत व वाढप्यांत कुणी बाधित आढळले नाही. वातानुकूलन यंत्राचा झोत या तीन टेबलांवरच फिरत होता आणि बाहेरची ताजी हवा जवळपास येतच नव्हती.

ताथवडे-हिंजवडी पट्ट्यातल्या पीजीच्या खोलीत, कंपनीच्या वातानुकूलित बसमध्ये आणि कँटीनमध्ये थोड्याफार फरकाने हीच परिस्थिती असते. खोलीतला स्प्लिट एसी हवा गार करतो, ती बदलत नाही. पावसाचा दोष असलाच तर तो खिडक्या बंद करायला लावण्याचा. करोनाच्या दिवसांत दुचाकीवर एकटे असताना मुखपट्टी घट्ट बांधणारे आणि कँटीनमध्ये चौघांत ती खिशात ठेवून तासभर गप्पा मारणारे लोक सर्वांनीच पाहिले आहेत.

कळते, पण टाळता का येत नाही?

फ्लूचा रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य असतो तो आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणजे ताप आला त्याच दिवशी घरी थांबणे सर्वांत उपयोगाचे. संगणकावर काम करणाऱ्याला घरून काम मागता येते. चाकणच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचे काय? कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ नुसार आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता देण्याची सोय झाली, पण त्या कायद्याने पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळले. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडले तरच त्याला अपवाद. साहजिकच तापाची गोळी घेऊन माणूस पाळीवर जातो आणि खिडक्या लावलेल्या बसमध्ये तासभर बसतो.

पीजीतल्या मुलामुलींची अडचण वेगळीच. खोली तिघांत असते, वेगळे राहायला जागा नसते, म्हणून बरे वाटेनासे झाले की अनेक जण बॅग भरून गावाकडची एसटी धरतात. तिथे काळजी घ्यायला आई असते. त्याच घरात आजी-आजोबाही असतात, आणि फ्लूमुळे न्यूमोनिया होऊन रुग्णालयात जाण्याचा धोका पासष्टीपुढच्यांना सर्वाधिक असतो. निघण्याआधी घरी फोन करून तापाचे सांगितले, तर आजीची खाट निदान दुसऱ्या खोलीत हलवता येते.