भरवशाच्या चाकूचा मागोवा

रानात मुक्काम करणाऱ्याने कोणता चाकू जवळ ठेवावा, याची नीट मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या रानभटक्यांच्या लिखाणात सापडते. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हे ‘नेस्मक’ या टोपणनावाने लिहीत. त्यांचे ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक 1884 साली निघाले. त्यांच्याजवळ तीन हत्यारे असत: दुधारी छोटी कुऱ्हाड, पातळ पात्याचा म्यानातला चाकू आणि घडीचा चाकू. होरेस केपहार्ट यांच्या 1906 सालच्या पुस्तकात चाकूच्या पात्याची लांबी साडेचार इंचांच्या आसपास आहे. बटाटे सोलणे, मांस कापणे, काठी तासणे ही कामे डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही निवड होती. लाकूड फोडायला कुऱ्हाड होतीच, म्हणून चाकू पातळ ठेवणे त्यांना परवडत होते. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. पुढच्या काळात कुऱ्हाड मागे राहिली आणि तिचे काम चाकूच्या गळ्यात पडले, तिथून या हत्याराच्या घडणीत बरेच घोळ सुरू झाले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने खंदकातल्या हातघाईसाठी पितळी मुठीचा चाकू काढला. बोटे अडकवायच्या कड्यांमुळे तो भोसकायला आणि ठोसा मारायला बरा होता, पण साधी दोरी कापतानाही हाताला नको व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात हा धडा लक्षात ठेवला गेला. अमेरिकेच्या मरीन दलाने 23 नोव्हेंबर 1942 रोजी 7 इंची पात्याचा जो चाकू स्वीकारला, त्याची ठेवण शिकारीच्या चाकूंवरून घेतलेली होती. जानेवारी 1943 मध्ये कॅमिलस कंपनीकडून त्याची पहिली खेप आली. युनियन कटलरी कंपनीच्या ‘का-बार’ या छापामुळे पुढे त्या घडणीच्या सगळ्याच चाकूंना ते नाव पडले. पाते कार्बन पोलादाचे. मूठ म्हणजे चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून, दाबून, रंधून केलेली. सैनिकांनी या चाकूने डबे फोडले, खड्डे खणले, खोकी उघडली, तंबूच्या खुंट्या ठोकल्या. लढाईपेक्षा रोजच्या कामातच तो जास्त झिजला, आणि त्याचे नाव झाले तेही त्यामुळेच.

विमानांचा वेग वाढला तशी वैमानिकाची गरज वेगळी झाली. कोसळलेल्या विमानातून बाहेर पडायचे, तर ॲल्युमिनियमचा पत्रा कापावा लागे. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नौदलासाठी तयार झालेल्या चाकूच्या पाठीवर म्हणूनच करवतीसारखे दाते आले. मुठीच्या टोकाला हातोडीसारखा ठोकायचा पोलादी गोळा आला आणि म्यानावर धार लावायच्या दगडासाठी कप्पा आला. पात्याची लांबी आधी 6 इंच होती, नंतर ती 5 इंचांवर आणली, कारण बसूनच काम करणाऱ्या वैमानिकाला लांब चाकू अडचणीचा होतो. या चाकूचा प्रत्येक अवयव एकेका कामासाठी होता. पण दाते पत्र्यासाठी आहेत ही गोष्ट पुढे विसरली गेली. लाकूड कापायच्या करवतीचे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून तिचे पाते खाचेत अडकत नाही. चाकूच्या जाड पाठीवरचे सरळ दाते ओल्या फांदीत दोन-चार ओढींतच रुतून बसतात.

पोकळ मुठीची कल्पनाही अशीच खऱ्या गरजेतून आली. व्हिएतनाममधल्या एका लष्करी डॉक्टरच्या सूचनेवरून फ्लोरिडातले कारागीर बो रँडल यांनी 1960च्या दशकात नळीच्या मुठीचा चाकू घडवला. नळीत औषधाच्या गोळ्या, काड्या, मासेमारीचा गळ असे थोडे सामान राही. तो हाताने घडवलेला, महाग आणि मोजक्या लोकांपर्यंत पोहोचलेला चाकू होता. सर्वसामान्यांच्या कानावर त्याचे नावही नव्हते.

ऑक्टोबर 1982 मध्ये ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट आला आणि चित्र पार पालटले. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातातला चाकू अर्कान्सासच्या जिमी लाइल यांनी बनवला होता: सुमारे 9 इंचांचे पाते, पाठीवर दाते, दोरी गुंडाळलेली पोकळ मूठ आणि झाकणात होकायंत्र. नायक त्याच मुठीतल्या सुई-दोऱ्याने स्वतःची जखम शिवतो. लाइल यांचे काम चोख होते, पण बाजारात पूर आला तो नकलांचा. पुढची पंधराएक वर्षे जगभरच्या दुकानांत, जत्रांत आणि टपालाने माल मागवायच्या यादीपुस्तकांत असे चाकू विकले गेले. भारतातल्या मोठ्या शहरांच्या फुटपाथवरही ते पोहोचले. चाकूच्या निवडीचे इतके नुकसान दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने केले नाही.

त्या नकलांपैकी एखादा उकलून पाहिला, तर दोष समोरच दिसतो. झाकण फिरवून काढले की नळीच्या तळाशी नट असतो. मुठीआड गेलेल्या पात्याचा जेमतेम बोटभर तुकडा आट्यांचा असतो आणि तेवढ्याच आधारावर पाते उभे असते. काठी तासताना सगळा जोर नेमका त्या सांध्यावर येतो. आधी पाते किंचित डुगडुगते, मग नट सैल पडतो, आणि एखाद्या जोरकस घावाला आट्यांपाशीच मोडते. झाकणातले होकायंत्र शेजारच्या पोलादामुळे भरकटते आणि मुठीने काही ठोकले की त्याची काच तडकते. म्हणजे दिशा दाखवायचे साधन आणि हातोडी एकाच टोकाला बसवलेली असते. पोलाद बहुधा इतके मऊ असते, की दोरी कापतानाच धार वळते.

मात्र दोष पोकळ मुठीचा नसून सांध्याचा होता. दक्षिण आफ्रिकेतले ख्रिस रीव्ह यांनी 1980च्या दशकात पाते आणि मूठ एकाच पोलादी दांड्यातून कोरून काढली. नळी त्या दांड्यातच पोखरलेली. सांधा नाही, त्यामुळे सुटण्यासारखे काही नाही. हे चाकू अनेक वर्षे लोकांनी निर्धास्तपणे वापरले. खर्च मात्र इतका यायचा, की नकला करणाऱ्या कारखान्यांनी त्या वाटेला जायचे कारण नव्हते.

सिनेमाचा हा गाजावाजा चालू असताना स्वीडनच्या मोरा परिसरातले कारखाने शांतपणे आपला जुना चाकू बनवत होते. तिथे फ्रॉस्ट यांचा कारखाना 1891 पासूनचा, एरिकसन यांचा 1912 पासूनचा. 2005 मध्ये दोन्ही एकत्र आले. मोराचा चाकू म्हणजे वीतभराहून थोडी जास्त लांबी, त्यात सुमारे 10 सेंटीमीटर पाते, आणि तेही अडीच मिलीमीटरच्या आसपास जाडीचे. धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप जुळतो, त्यामुळे नवख्या माणसालाही धार लावता येते. कॅनडातले रानविद्येचे शिक्षक मॉर्स कोचान्स्की यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पुस्तकातून आणि शिबिरांतून याच प्रकारच्या चाकूचा पुरस्कार केला. पाते तळहाताच्या रुंदीइतके असावे, आणि झाडात ठोकलेल्या चाकूच्या मुठीने माणसाचा भार पेलावा, ही त्यांची अपेक्षा होती. तळहाताएवढ्या पात्याचे टोक हातापासून लांब जात नाही आणि बारीक कामात ताबा राहतो. खाच पाडणे, सापळ्याची खिट्टी कोरणे, काठीवर कुरळ्या पापुद्र्यांचा झुपका काढून ओल्या दिवसात विस्तव पेटवणे, ही सगळी कामे त्या ताब्यावर चालतात.

1995 मध्ये स्वीडनच्या हवाई दलाने वैमानिकांसाठी फॉल्कनिवेन कंपनीचा एफ-1 हा चाकू घेतला, तेव्हा हा विचार लष्करातही पोहोचला. पाते 97 मिलीमीटर, जाडी साडेचार मिलीमीटर, पोलाद गंजाला दाद न देणारे आणि मूठ रबरासारखी. त्या मुठीतून पोलाद आरपार जाऊन टोकाला किंचित बाहेर डोकावते. चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकी वैमानिकाच्या चाकूशी तुलना केली तर दाते गेले, चामडे गेले, लांबी घटली. राहिली ती जाडी आणि अखंडपणा.

मुठीत पोलाद टोकापर्यंत गेलेच पाहिजे का, यावर त्या वेळेपासून बराच वाद झाला आहे. मोराच्या स्वस्त चाकूंत ते टोकापर्यंत जात नाही, तरी तासण्या-कोरण्याच्या कामात तो टिकतो, कारण प्लॅस्टिकची मूठ पोलादाभोवती घट्ट ओतलेली असते. पात्याच्या पाठीवर सोटा हाणून ओंडका फोडायचा असेल, तर मात्र आरपार पोलादच हवे. खुद्द मोराच्या कारखान्याने 2016 मध्ये ‘गारबर्ग’ हा आरपार पोलादाचा, 3.2 मिलीमीटर जाडीचा चाकू काढला, तो या मागणीमुळेच.

पोलादाच्या बाबतीत शतकभरात मोठी वाट चालली गेली. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद वितळवले. पण सुरुवातीची स्टेनलेस पाती धार धरत नाहीत अशी बदनामी झाली, आणि ती अनेक दशके टिकली. आज तिला आधार उरलेला नाही. सुमारे 0.95 टक्के कार्बनचे साधे पोलाद चिवट असते, दगडावर लवकर धार घेते, पण पावसात एका रात्रीत तांबूस होते. चांगले स्टेनलेस धारेत त्याच्या बरोबरीला आले आहे. खरा फरक पाणी देण्यात पडतो. पाते लाल तापवून तेलात बुडवले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग ते बऱ्याच कमी आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवावा लागतो. रॉकवेल मापावर 56 ते 60 या पट्ट्यात आलेले पाते रानातल्या कामाला योग्य. त्याखाली धार वळते, फार वर गेले की किनार झडते. एकाच जातीच्या पोलादाचे दोन चाकू या एका पायरीमुळे अगदी निराळे निघतात. पाण्याची पारख डोळ्यांनी होत नाही, म्हणून पोलादाची जात आणि कडकपणा छापून सांगणारा कारखाना निवडणे शहाणपणाचे.

बोथट धारेची किंमत किती असू शकते, हे एप्रिल 2003 मध्ये युटातल्या ब्लूजॉन घळीत दिसले. निसटलेल्या धोंड्याखाली हात अडकलेला गिर्यारोहक ॲरन राल्स्टन पाच दिवस एकटा होता. जवळ स्वस्तातले बहुउपयोगी हत्यार होते आणि त्याचे पाते दगड खरवडून बोथट झालेले होते. हाडे कापणे त्या पात्याला शक्यच नव्हते. ती त्याने शरीराचा जोर लावून मोडली, मग उरलेला हात त्याच हत्याराने कापून तो सुटला. टिम लेदरमन यांनी 1983 मध्ये बाजारात आणलेल्या पकडीसह हत्याराने मुक्कामावरची कितीतरी किरकोळ कामे सोपी केली हे खरे, पण घडीच्या पात्याला बिजागरी असते. म्हणून अनुभवी लोक ते म्यानातल्या चाकूच्या जोडीला ठेवतात.

2006 नंतर दूरचित्रवाणीवरच्या साहसी मालिकांनी पुन्हा एकदा नावाच्या जोरावर चाकू विकले. शिट्टी, चकमक, अर्ध्या धारेला दाते असे अलंकार परतले. पात्याजवळ मूठ तडकण्याचा धोका दिसल्यावर एका मोठ्या कंपनीला 2012 मध्ये अमेरिकेतून आपले कोयतेवजा हत्यार परत मागवावे लागले. सांधाच पुन्हा दगा देऊन गेला.

सह्याद्रीत ही परंपरा वेगळीच आहे. ठाकर, कातकरी आणि कोकणातला बागायतदार कमरेच्या आकडीत कोयता अडकवून फिरतो. लोहार तो बहुधा गाडीच्या जुन्या पाट्यापासून घडवतो आणि मुठीला शेंबी ठोकतो. वेली, बांबू, करवंदीची जाळी तोडायला याहून चांगले हत्यार नाही. ओंडके फोडण्यासाठी जाड केलेला उत्तरेकडच्या थंड देशांतला चाकू इथे निम्मा वाया जातो. शिवाय अभयारण्यात लाकूड तोडायला आणि विस्तव करायला बंदी असते. तेव्हा डोंगरभटक्याचे काम दोरी, भाजी, मलमपट्टी आणि तंबू एवढ्यावर येते. त्याला 9 ते 11 सेंटीमीटरचे, तीन मिलीमीटरच्या आसपास जाडीचे स्टेनलेस पाते पुरते. चामड्याचे म्यान पावसाळ्यात भिजून दिवसेंदिवस ओले राहते आणि आतल्या आत पाते गंजवते. त्यापेक्षा तळाला पाणी निथळायचे भोक असलेले प्लॅस्टिकचे म्यान बरे. ते उलटे करून हलवले तरी चाकू पडता कामा नये, आणि मूठ ओल्या हातातून सटकता कामा नये. या दोन्ही गोष्टी दुकानातच पाहून घेता येतात.

लांबीची मर्यादा कायद्यातही आहे. भारताच्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत मोडतात, आणि अधिसूचित भागांत त्यांना परवाना लागतो. घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. विमानाने जाताना चाकू, मग तो कितीही छोटा असो, सोबतच्या पिशवीत न ठेवता म्यानासह गुंडाळून मोठ्या सामानात द्यावा लागतो.