विश्लेषण : जुन्या ट्रकचा ‘ईसीएम’ खरेच खराब झाला आहे का?

लासलगावहून कांदा भरून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेला सात-आठ वर्षे जुना ट्रक कसारा घाटाच्या अलीकडे बंद पडतो. स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि सांगतो, ‘ईसीएम गेला.’ नवा भाग महाग, माल नाशवंत आणि गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही. अशा घाईत नवा ईसीएम विकत घेतला जातो आणि तो बसवूनही गाडी सुरू झाली नाही, तर दुकानदार विकलेला इलेक्ट्रॉनिक भाग सहसा परत घेत नाही. हे नुकसान टाळायचे, तर आधी काय तपासावे?

ईसीएम काय काम करतो?

ईसीएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मोड्यूल. ड्रायव्हर आणि मेकॅनिक त्यालाच ‘ईसीयू’ किंवा ‘गाडीचा कॉम्प्युटर’ म्हणतात. क्रँक शाफ्ट कुठल्या स्थितीत आहे, डिझेलचा दाब किती, इंजिन किती तापले, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, ही माहिती सेन्सरकडून घेऊन तो प्रत्येक इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे ठरवतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकमध्ये हे काम पंप आणि गव्हर्नर करत. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ‘बीएस-४’ मानके लागू झाली आणि अवजड ट्रकमध्ये कॉमन रेल व ईसीएम सर्रास आले. त्या पहिल्या पिढीतील ट्रक आता जुने झाले आहेत. त्यांच्या तारांवरील आवरण कडक होऊन तडकते, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि नेमका तिथूनच गोंधळ सुरू होतो.

दोष दुसरीकडे, ठपका ईसीएमवर, असे का होते?

स्कॅनरवरचा कोड बिघाड कुठल्या सर्किटमध्ये आहे ते सांगतो. कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही. ‘पी०६०६’ किंवा अवजड वाहनांतील ‘एसपीएन ६२९, एफएमआय १२’ हे कोड मोड्यूलच्या अंतर्गत बिघाडाकडे बोट दाखवतात. पण हे कोड आले, तरी त्याला मिळणारा वीजपुरवठा आणि अर्थ आधी तपासावाच लागतो.

दुसरे कारण पाच व्होल्टचे. बहुतेक सेन्सरना ईसीएमकडून पाच व्होल्ट पुरवठा होतो आणि अनेकदा एकाच लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला, की सगळी लाइन खाली बसते. एकदम चार-पाच कोड दिसतात आणि मोड्यूलच मेला असे वाटते. प्रत्यक्षात दोषी असतो एखादा स्वस्त सेन्सर किंवा चेसिसवर घासून सोललेली तार.

तपासणीचा क्रम कोणता असावा?

सुरुवात बॅटरीपासून. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. स्टार्टर मारताना व्होल्टेज १९ च्या बरेच खाली जात असेल, तर ईसीएम मध्येच बंद पडू शकतो. मग फ्यूज आणि मेन रिले. स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल, तर स्कॅनर जोडायच्या सॉकेटचा फ्यूजही पाहावा.

त्यानंतर ईसीएमचा कनेक्टर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या तारा तपासाव्यात. इथे नुसता मल्टिमीटर फसवतो. गंजून एकाच धाग्यावर टिकलेली तारही मीटरवर पूर्ण २४ व्होल्ट दाखवते. त्याच तारेवर इंडिकेटरचा २४ व्होल्टचा बल्ब लावला आणि तो मंद पेटला, तर दोष वायरिंगचा.

पाच व्होल्टची लाइन खाली असेल, तर एकेक सेन्सर काढत जावे. ज्याचा कनेक्टर काढल्यावर व्होल्टेज परत येते, तो सेन्सर किंवा त्याची तार दोषी. मोड्यूल एकमेकांशी ज्या दोन तारांवरून बोलतात, त्या ‘कॅन’ लाइनमध्ये बॅटरी सोडवून साधारण ६० ओहम रोध दिसायला हवा. १२० दिसला, तर एक टोक तुटलेले आहे. हे सगळे ठीक असूनही गाडी सुरू होत नसेल, तरच संशय ईसीएमवर घ्यावा.

ईसीएम खरेच जळतो तो कशाने?

बॉडीचे वेल्डिंग करताना बॅटरी न सोडवणे, चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढणे, जंप स्टार्ट करताना उलटी जोडणी करणे आणि जोरदार पाण्याने धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरणे, ही नेहमीची कारणे. इंजेक्टरची तार बॉडीला लागून शॉर्ट झाल्यानेही मोड्यूल जळतो. हे कारण शोधले नाही, तर नवा ईसीएमही त्याच वाटेने जातो.

नवा बसवला की काम संपले का?

नाही. नव्या मोड्यूलमध्ये त्या इंजिनचे सॉफ्टवेअर आणि चेसिस नंबर भरावा लागतो. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही टाकावा लागतो. तो चुकला तर इंजिन खडखडते, धूर सोडते, डिझेल जास्त पिते. इमोबिलायझर असेल, तर किल्लीशी जुळणी करावी लागते. जुना मोड्यूल स्कॅनरला प्रतिसाद देत असेल, तर काढण्याआधी त्यातला डेटा उतरवून घ्यावा. प्रोग्रॅमिंग सुरू असताना बॅटरी उतरली तर नवा मोड्यूल निकामी होऊ शकतो, म्हणून चार्जर जोडूनच हे काम करतात.

भंगार बाजारातला ईसीएम चालतो का?

वरचा पार्ट नंबर सारखा असला, तरी आतले सॉफ्टवेअर दुसऱ्या गाडीचे असू शकते. पुन्हा प्रोग्रॅम करून देणारा माणूस असेल, तरच तो घ्यावा. जुनाच मोड्यूल दुरुस्त करून घेणे हाही पर्याय आहे; त्यात गाडीचा मूळ डेटा बहुधा शाबूत राहतो. मात्र त्याच वेळी ‘अ‍ॅडब्लू बंद करून देतो’ किंवा ‘स्पीड लॉक काढून देतो’ अशी ऑफर आली, तर ती नाकारावी. मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा यंत्रणा केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ नुसार बंधनकारक आहे. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस तपासणी असते. तिथे असा बदल अंगाशी येतो.

गाडीमालकाने काय विचारावे?

‘ईसीएम गेला’ असे ऐकल्यावर तीन प्रश्न विचारावेत. सप्लाय आणि अर्थ बल्ब लावून तपासला का? पाच व्होल्टची लाइन पाहिली का? आणि मोड्यूल जळला असेल, तर कशामुळे? पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल आणि तिसऱ्याचे ठोस कारण सांगता आले, तरच नव्या भागासाठी पैसे मोजावेत. तासा-दोन तासांची ही तपासणी गाडीचे अनेक दिवसांचे उभे राहणे वाचवू शकते.