मारियेचा दिवस आणि बाजारातला पाव

जगभरातल्या अनेक कॅथलिक शाळांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला श्रद्धेचा एक विषय ठरतो. कधी करुणा, कधी आशा, कधी शांती. चित्रकलेचे शिक्षक कामाला लागतात, मुले कागद रंगवतात, प्रवेशद्वाराजवळ मोठे भित्तिचित्र लागते आणि वर्ष सरले की ते उतरवले जाते. या चित्रांकडे गांभीर्याने पाहण्याची रीत नाही. कलासमीक्षकांच्या लेखी ती शाळकरी असतात आणि धर्मशिक्षकांच्या लेखी सजावट. मला हे दोन्ही निकाल अन्यायाचे वाटतात. वर्षाचा विषय जेव्हा विद्यार्थ्याला रस्त्यावर, दुकानात, वर्तमानपत्रात शोधावा लागतो, तेव्हा चित्र काढणे हेच धर्मशिक्षण होते, आणि कला म्हणूनही त्यात दम येतो. कबुतर, मेणबत्ती, जोडलेले हात ही ठरलेली चिन्हे पुन्हा गिरवली, तर मात्र दोन्ही गोष्टी हुकतात. याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेत, लॉस एंजेलिसमधल्या इमॅक्युलेट हार्ट महाविद्यालयात सापडतो. काळ आहे 1960च्या दशकाचा.

इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनी हे मुलींचे महाविद्यालय चालवत. तिथे दरवर्षी ‘मेरीज डे’ म्हणजे मारियामातेचा दिवस साजरा होई. त्याचे रूप ठरलेले होते: काळे झगे घातलेल्या विद्यार्थिनींची शिस्तबद्ध मिरवणूक, प्रार्थना आणि समाप्ती. 1964 साली तो दिवस नव्याने मांडायचे काम कलाविभागाकडे आले. विभागाची सूत्रे सिस्टर मेरी कोरिटा यांच्याकडे होती. आयोवा राज्यात 1918 साली जन्मलेल्या, 1936 साली संघात आलेल्या कोरिटा तोवर स्क्रीन प्रिंटिंगच्या छापचित्रांसाठी ओळखल्या जात होत्या. चर्चमध्येही मोठी घुसळण चालू होती. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 पासून भरत होती, डिसेंबर 1963च्या दस्तऐवजाने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली होती आणि पोप जॉन तेविसावे यांचे ‘पाचेम इन तेरिस’ हे शांततेविषयीचे परिपत्रक एप्रिल 1963 मध्ये आले होते. कोरिटा आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी या परिपत्रकाचा धागा धरला आणि त्याला जगातल्या भुकेचा प्रश्न जोडला. मिरवणुकीतले काळे झगे गेले. फुलांच्या माळा, रंगीत फलक, किराणा दुकानांतल्या जाहिरातींची मोठमोठी अक्षरे आली. देव मला आवडतो आणि मी देवाला आवडते, इतक्या साध्या शब्दांच्या पाट्या मुलींच्या हातांत होत्या. बेलिस ग्लासकॉक यांनी त्या दिवसाचे चित्रीकरण केले, म्हणून त्या मिरवणुकीचा मोकळेपणा आजही पाहता येतो. सार्वजनिक गणेशोत्सवात मंडळ दरवर्षी नवा देखावा करते, मूर्ती तीच पण भोवतालचा प्रश्न नवा. मेरीज डेची घडण मराठी वाचकाला या वाटेने चटकन कळेल.

भुकेचा विषय घेतला आणि उपाशी मुलाचे करुण चित्र काढले, असे तिथे झाले नाही. कोरिटांच्या वर्गात पाहण्याची शिस्त आधी येई. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून जग पाहायला त्या शिकवत. एवढ्याशा चौकटीतून दुकानाची पाटी, टायरचा ढीग, पावाचे वेष्टन यांचा एकेक तुकडाच दिसतो. वस्तूचे नाव आणि उपयोग क्षणभर मागे पडतो, उरतो रंग आणि आकार. विद्यार्थिनींना घेऊन त्या मोटारी धुण्याच्या केंद्रावर, किराणामालाच्या मोठ्या दुकानात जात. 1962 साली अँडी वॉरहॉल यांची सूपच्या डब्यांची चित्रे लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत लागली, ती कोरिटांनी पाहिली होती. त्याच वर्षीच्या ‘वंडरब्रेड’ या छापचित्रात त्यांनी एका लोकप्रिय पावाच्या वेष्टनावरचे रंगीत ठिपके उचलले. ते ठिपके पाहताना मिस्साविधीतली पांढरी गोल भाकर कॅथलिक माणसाला आठवल्याशिवाय राहत नाही. ‘दॅट दे मे हॅव लाइफ’ या 1964च्या चित्रात त्या आणखी पुढे गेल्या. तिथे पावाची जाहिरात आहे, केंटकीतल्या एका खाणकामगाराच्या बायकोचे आपल्या मुलांच्या भुकेविषयीचे बोल आहेत आणि गांधीजींचा विचारही आहे, की इतक्या उपाशी माणसांसमोर देवाला भाकरीखेरीज दुसऱ्या रूपात येताच येणार नाही. कारखान्यातला पाव, वेदीवरची भाकर आणि गरिबाच्या घरातले रिकामे ताट एकाच कागदावर येतात. प्रभूच्या प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची मागणी आयुष्यभर म्हटलेल्या माणसाला ती नव्याने ऐकू यावी, एवढी ताकद या चित्रात आहे, आणि ती कोणत्याही पवित्र चिन्हाची उसनवारी न करता आली आहे.

अशा कामावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला पावित्र्याचा. 1964 मधल्याच ‘द ज्युसिएस्ट टोमॅटो ऑफ ऑल’ या चित्रावरून तो सर्वाधिक तीव्रतेने घेतला गेला. डब्यातल्या टोमॅटोची जाहिरात करणारे शब्द तिथे मारियामातेला लावले होते. अमेरिकी बोलीत टोमॅटो हा शब्द आकर्षक बाईसाठीही वापरला जाई, त्यामुळे अनेकांना धक्का बसला. लॉस एंजेलिसचे आर्चबिशप कार्डिनल जेम्स मॅकिंटायर यांची नाराजी तर जाहीर होती. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांच्यासाठी मारिया रोजच्या जपमाळेतली आई आहे, त्यांना तिचे नाव डब्यावरच्या घोषवाक्याशेजारी पाहून वेदना होणे स्वाभाविक आहे. पण कॅथलिक श्रद्धेच्या केंद्रस्थानीच देवाने माणसाचे शरीर धारण केल्याची गोष्ट आहे, आणि त्या शरीराची आई गालिली प्रांतातल्या एका खेड्यातली, पाणी भरणारी, भाकरी भाजणारी बाई होती. शतकानुशतके युरोपीय चित्रकारांनी तिला रेशमी वस्त्रे चढवली, तेव्हा त्यांनीही आपल्याच काळाचे कापड वापरले होते. गोव्यात जन्मलेल्या अँजेलो द फोन्सेका यांनी तिला साडी नेसवली, तेव्हा असाच आक्षेप निघाला. अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकलेला हा चित्रकार गोव्यातल्या टीकेने दुखावून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि 1967 साली पुण्यातच वारला. आज साडीतली मारिया कुणाला खटकत नाही. अनादर कोणता आणि ओळखीची सवय मोडल्याने आलेली अस्वस्थता कोणती, हे पहिल्या दिवशी ठरवू नये, एवढे तरी फोन्सेका यांच्या उदाहरणावरून मान्य व्हावे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, कारण तो श्रद्धेच्या बाजूने नाही तर विचाराच्या बाजूने येतो. जाहिरातीची भाषा वापरली की नकळत जाहिरातीचीच चाकरी होते, बाजार देवळात शिरतो, असे म्हणता येईल. चित्रे शेजारी ठेवून पाहिली की फरक कळतो. जाहिरात भूक जागवते आणि वस्तू विकून ती भागवते. कोरिटांच्या चित्रात भूक जागी होते, पण विकायला काहीच नसते. वाचणाऱ्याला खाणकामगाराच्या घरापर्यंत जावे लागते. शिवाय अक्षरे उलटी, वाकडी, कापलेली, सुरकुतलेली असतात, त्यामुळे डोळा थबकतो आणि घोषवाक्याला आपल्या वेगाने धावता येत नाही. यात बाजाराचा विजय झाला असता, तर बाजार खूश झाला असता. प्रत्यक्षात 1965 साली आयबीएम कंपनीसाठी न्यूयॉर्कमध्ये कोरिटा आणि विद्यार्थिनींनी नाताळची सजावट केली, तिचा विषय पृथ्वीवरील शांती हाच होता, आणि व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत ती युद्धविरोधी असल्याच्या तक्रारी आल्या. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर शांती हा शब्द सगळेच छापत. तो खरोखर वाचला गेला, तेव्हा तो राजकीय वाटला. श्रद्धेचा विषय वर्षभर भिंतीवर राहूनही कुणाला अडचण झाली नाही, तर तो कुणी वाचलेलाच नसतो.

आणखी एक शंका सामूहिक कामाविषयी घेतली जाते. मुलींचे हात, विचार मात्र शिक्षिकेचा. मग त्यात मुलींची श्रद्धा कुठे? मोठ्या शिक्षकाच्या वर्गात हा धोका असतोच, आणि कोरिटांची शैली इतकी ठसठशीत होती की अनेक विद्यार्थिनींचे काम शिक्षिकेच्या कामासारखे दिसते, हे नाकारता येत नाही. पण कोरिटांनी दिलेले गृहपाठ पाहावेत: एकाच गोष्टीविषयी शेकडो प्रश्न काढा, एकाच वस्तूकडे बराच वेळ एकटक पाहा. असा गृहपाठ शिक्षिकेच्या मताची नक्कल करून पुरा होत नाही. कलाविभागाच्या भिंतीवरचे दहा नियमही वर्गाबरोबर तयार झाले होते. माध्यमाची निवडही याच्याशी जुळणारी होती. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापायला वापरतात तेच हे स्क्रीन प्रिंटिंग: स्वस्त, अनेक प्रती काढता येणारे, चार जणींनी मिळून करायचे. वर्षभर शिकवून कोरिटा आपली छपाई बहुतेक ऑगस्टच्या सुट्टीत करत आणि चित्रांच्या किमती मुद्दाम कमी ठेवत. एका श्रीमंताच्या दिवाणखान्यापेक्षा अनेक साध्या घरांच्या भिंती त्यांना महत्त्वाच्या होत्या.

अखेरचा आक्षेप इतिहासाचा आहे. 1968 साली कोरिटांनी महाविद्यालय आणि संघ सोडला, 1970 साली सुमारे 300 भगिनींनी व्रतांतून मुक्ती घेतली, 1980 साली महाविद्यालय बंद पडले. म्हणजे या मोकळेपणाने संस्थाच बुडवली, असे काही जण म्हणतात. घटनाक्रम खरा आहे, पण त्यामागे दिलेले कारण चुकीचे आहे. व्हॅटिकन परिषदेने धर्मसंघांना स्वतःचे नूतनीकरण करायला सांगितले होते. इमॅक्युलेट हार्टच्या भगिनींनी 1967 साली पोशाख, प्रार्थनेच्या वेळा, शिक्षिकांचे प्रशिक्षण आणि कामाचा भार याविषयी निर्णय घेतले आणि त्यावरून कार्डिनलांशी संघर्ष पेटला. चित्रे त्या वादळात होती, वादळाचे मूळ नव्हती. उलट संस्था गेल्यावरही शिल्लक राहिले ते हेच काम. कोरिटांच्या जवळपास 800 छापचित्रांतली कितीतरी आज संग्रहालयांत आहेत, आणि फ्रँकलिन अव्हेन्यूवरची त्यांची साधी कार्यशाळा पाडून तिथे गाड्यांसाठी जागा करायचा बेत होता, तेव्हा लोकांनी तो थांबवला. 2021 साली लॉस एंजेलिस शहराने त्या इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. मेरीज डेचे पुठ्ठे आणि कागदी फलक मात्र टिकवण्यासाठी केलेले नव्हतेच. पुढच्या वर्षी नवा दिवस यायचा होता, आणि त्यासाठी मुलींना पुन्हा रस्त्यावर जाऊन नव्याने पाहायचे होते.