घरघरणारा पंखा

तुमच्या घरी किंवा शाळेत जुना, पेटीवाला कॉम्प्युटर आहे का? सुरू केला की घरघर करतो, थोड्या वेळानं गप्प होतो आणि मधेच पुन्हा कुरकुरतो? मग समजा, आतला पंखा म्हातारा झालाय. त्यासाठी आख्खा कॉम्प्युटर भंगारात घालायला नको. पंखा बदलता येतो. मात्र काम करताना आई-बाबांपैकी कुणीतरी शेजारी हवं, बरं का!

आधी पाहू, पंखा लागतो कशाला? कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम करताना तो तापतो. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम साधारण १५ वॅट उष्णता बाहेर टाकायचा. २००४ सालापर्यंत काही पेंटियम-४ प्रोसेसर १०० वॅटच्या पुढे गेले. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या दिव्याला हात लावून पाहायची कुणाची छाती होती? तेवढी उष्णता एका छोट्याशा चकतीत! ती पंख्यानं बाहेर फेकली नाही, तर कॉम्प्युटर मंदावतो किंवा आपणहून बंद पडतो. आपल्याकडचा उन्हाळा त्यात आणखी भर घालतो.

आता आवाज का येतो? पंख्याच्या आसाभोवती बेअरिंग असतं. त्यातलं तेल वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं सुकतं आणि आस डुगडुगायला लागतो. दुसरं कारण धूळ. ती सगळ्या पात्यांवर सारखी बसत नाही. एक पातं जड झालं की तोल गेला! फिरण्याचा वेग दुप्पट झाला, की त्या जादा वजनाची ओढ चौपट होते. म्हणून पंखा थरथरतो.

पंखा हाताएवढा असेल तर ही थरथर नुसती त्रास देते. पातं मोठं असेल तर ती जीवही घेऊ शकते. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी गावी शेख इस्माईल नावाचा २४ वर्षांचा तरुण होता. शाळा आठवीत सुटली, पण वेल्डिंगच्या कामात हात तयार. त्यानं दोन वर्षं खपून घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवलं. गावात त्याला ‘मुन्ना हेलिकॉप्टर’ म्हणत. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी चालू असताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला. त्याचं पातं इस्माईलच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. त्याची जिद्द मोठीच होती. तिचा मान राखायचा, तर फिरत्या पात्यांचाही मान राखायला आपण शिकलं पाहिजे. मोठ्या पंख्याची चाचणी दुरून, मजबूत आडोशामागून आणि जाणत्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

आपला पंखा लहान, पण नियम तोच : फिरत्या पात्याजवळ बोट नाही!

चला, कामाला लागू. कॉम्प्युटर बंद करा, प्लग भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा. पेटीच्या बाजूचे स्क्रू काढून झाकण सरकवा. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. आता एकेक पंखा बोटानं हळूच फिरवून पाहा. जो अडखळतो किंवा डुगडुगतो, तो आपला गुन्हेगार. कधी कधी नुसती एखादी वायर पात्याला घासत असते! धूळ मऊ ब्रशनं काढा, पण पातं बोटानं धरून.

पंखा बदलायचाच असेल, तर आधी त्याची चौकट मोजा. ८०, ९२ आणि १२० मिलिमीटर ही नेहमीची मापं. जाडीही मोजा. व्होल्ट सहसा १२ असतात. लेबलवर वाचून खात्री करा. जोडणीत तीन पिना आहेत की चार, तेही लिहून घ्या. ही चिठ्ठी घेऊनच दुकानात जा.

जुना पंखा सोडवण्याआधी वारा कुठल्या बाजूला जातो ते टिपून ठेवा. बऱ्याच पंख्यांच्या चौकटीवर बाण असतात : एक फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा वाऱ्याची. मागचा पंखा सहसा गरम हवा बाहेर टाकतो. उलटा बसवलात तर आवाज जाईल, पण उष्णता आतच घुटमळेल! प्रोसेसरवरचा नुसता पंखा निघत असेल, तर खालचा धातूचा ठोकळा हलवू नका. तो हलला तर उष्णता वाहून नेणारी पेस्ट नव्यानं लावावी लागते.

एक पेटी मात्र कधीच उघडायची नाही : वीज पुरवणारी, म्हणजे पॉवर सप्लाय. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. आवाज तिच्यातून येत असेल, तर काम मेकॅनिककडे.

सगळं बसवलं? वायरी पात्यांपासून दूर बांधा, झाकण लावा आणि मगच बटण दाबा. आता मागच्या जाळीपाशी तळहात धरा. कोमट वारा लागला ना? झालं, शाबास!