हौद्याचा तळ : पत्रा, फळी की प्लाय?

मालवाहू गाडीची निगा : लेखांक ७

शेंद्र्याला जालना रस्त्याच्या कडेला एका बॉडी बिल्डरच्या शेडमध्ये, मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर, एका ट्रकचा हौदा उचकटत होते. मी शेजारीच उभा होतो. वरून पाहिला तर तळ धडधाकट. चेकर प्लेटवरचे उंचवटे घासून चकचकीत झालेले, एका कोपऱ्यात थोडा पोचा, एवढेच. कारागिराने वेल्ड कापला, पहार घालून पत्र्याची कड उचलली आणि खालून मूठभर लगदा निघाला. तांबडा गंज आणि त्यात मुरलेले खताचे पांढरट कण. आडव्या चॅनेलवर पत्रा जिथे टेकला होता, तिथे तो चिमटीत धरून मोडता येत होता. मालक नुसते बघत राहिले. म्हणाले, “अहो, दर दिवाळीला रंग देतो मी याला.” रंग दिला होता हे खरे, पण तो वरून.

हौद्याचा तळ बहुतेक वेळा खालून आणि सांध्यातून जातो. तळाला काय घालायचे, हे ठरवताना वरून काय आदळणार याचा विचार सगळेच करतात. पाणी कुठे अडकणार, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

आपल्याकडच्या गाडीला तर दर फेरीला वेगळा माल. जालन्याहून सळई, हंगामात मोसंबी, रेल्वेच्या रेकवरून उतरलेले खत, शेंद्र्यातून सुट्या भागांचे क्रेट आणि यंत्रे. २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना इथे आला, मग त्यामागोमाग पुरवठादार आले, आता ऑरिक औद्योगिक नगरी आहे. त्यामुळे इथल्या मालात धान्याच्या पोत्यांपेक्षा पॅलेट आणि क्रेट वाढत गेले. हा फरक तळाच्या निवडीत मोठा आहे. पोते पसरून बसते. यंत्राचा पाय मात्र तळहाताएवढ्या जागेत टनभर वजन टाकतो.

खताचे थोडे सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथे होते. पोटॅश म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजेच पोटॅशियम क्लोराइड. स्वयंपाकघरातल्या मिठाचे ते सख्खे भावंड. फाटक्या पोत्यातून सांडलेला चिमूटभर दाणा हवेतली ओल ओढून घेतो, पाणी खारे होते आणि खाऱ्या पाण्यात लोखंड कितीतरी वेगाने गंजते. मिठाचे हेच काम थंड मुलखातही दिसते. कॅनडात, अमेरिकेच्या मिनेसोटात हिवाळ्यात लोक पिकअप ट्रकच्या पाठीवर खास मंच बसवून त्यावर स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, चढवतात. तिच्या पट्ट्याला पकडीसाठी कठीण धातूचे टोकदार खिळे लावलेले असतात आणि ते मंच ओरबाडतात. म्हणून तिथे चढण्याच्या रेषेत टणक प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकतात. पण ओरखडे पट्टीने थांबले तरी बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ खालून आणि फटींतून मंच खातच असते. त्यांचे मीठ रस्त्यावरून उडते, आपले पोत्यातून सांडते. शिवाय ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. न्हावाशेव्याची खारी हवा शेंद्र्याच्या गाड्यांना आता काही तासांवर आली आहे.

आता वजन. २० फूट लांब, ७ फूट रुंद हौदा धरा, म्हणजे साधारण १३ चौरस मीटर. पाच मिलिमीटरचा लोखंडी पत्रा घातला तर वरची नक्षी सोडून ५१० किलो. तीन मिलिमीटरचा घातला तर ३०६. पाच मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमचे पावणेदोनशेच्या आसपास, आणि १९ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायचेही जवळपास तेवढेच. दीड इंची जड लाकडाच्या फळ्या पावणेचारशेपर्यंत जातात. २०१८ मध्ये दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली, पण तळात घातलेला प्रत्येक किलो या मर्यादेतूनच वजा होतो. जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी, हा हिशेब म्हणूनच अर्धवट आहे. आडवे चॅनेल जवळजवळ घेतले तर पातळ पत्राही तेच ओझे पेलतो.

सळई, जुने लोखंड, खडी वाहायची असेल तर लोखंडाला पर्याय नाही. सळईचे कापलेले टोक प्लायचे थर उकलते आणि अॅल्युमिनियममध्ये नांगर घातल्यासारखी चर पाडते.

क्रेट, पॅलेट, यंत्रे यांच्यासाठी मात्र मी फळीच्या किंवा प्लायच्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण घर्षण. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात लाकडाचे प्लायवरचे घर्षण ०.४५ धरतात. म्हणजे एक टनाचा लाकडी क्रेट सरकायला साडेचारशे किलोंचा जोर लागतो. घासून गुळगुळीत झालेल्या, तेलाचा हात लागलेल्या पत्र्यावर याच्या निम्म्याचीही खात्री नाही. घाटात ब्रेक लागला की हा फरक कळतो. लाकडात पाचर ठोकता येते, एक फळी गेली तर तेवढीच बदलता येते. खतही लाकूड लोखंडापेक्षा जास्त सोसते. आधी जातात ते त्यातले बोल्ट. प्लाय घ्यायचे तर बांधकामावर वापरतात ते गडद तपकिरी, फिल्म चढवलेले शटरिंग प्लाय घ्या. फर्निचरचे प्लाय इथे टिकत नाही. गुळगुळीत फिल्म ओली झाली की हमालाचा पाय घसरतो, म्हणून एका बाजूला जाळीचा छाप असलेले घ्या आणि ती बाजू वर ठेवा.

अॅल्युमिनियम छोट्या गाड्यांना शोभते. मात्र ते लोखंडी चॅनेलवर थेट टेकवू नका. दोन धातू, मध्ये खारे पाणी, की अॅल्युमिनियम स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. मध्ये रबराची पट्टी हवी.

रक्षणाचे काम तळ बसवण्याआधी सुरू होते. नवा पत्रा हातात घेऊन उन्हात तिरपा धरा. त्यावर निळसर काळी, काचेसारखी पापडी दिसेल. गिरणीत तापवून लाटताना ती धरते. दिसायला ती इतकी घट्ट आणि स्वच्छ असते की पुष्कळ कारागीर तिच्यावरच रेड ऑक्साइड मारतात. काही महिन्यांत पापडीला तडे जातात, तड्यातून पाणी शिरते आणि रंगासकट पापडी खपल्यांनी उडते. तारेच्या ब्रशने ती निघत नाही. वाळूचा मारा करून, म्हणजे ब्लास्टिंग करून, ती काढावी आणि त्याच दिवशी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर मारावा. पत्र्याची खालची बाजू आणि चॅनेलचा माथा आधी रंगवायचा, मग तळ बसवायचा. वेल्डच्या जागी रंग जळणारच. तिथे खालून आडवे पडून पुन्हा हात द्यावा लागतो. हे काम मालकाने समोर उभे राहून करून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

चॅनेल बोल्टने जोडायचे असतील तर गरम जस्ताच्या टाकीत बुडवून घेणे सर्वांत उत्तम. पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादावर आपल्या मानकानुसार सरासरी ६१० ग्रॅम प्रति चौरस मीटर जस्त चढायला हवे, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉनचा थर. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते, लोखंड मागे राहते. पण अमोनियायुक्त खते जस्तालाही सोडत नाहीत, म्हणून धुणे चुकत नाही. आणि जस्त चढवलेल्या भागावर थेट वेल्डिंग करू नये. तो पांढरा धूर छातीत गेला की वेल्डर रात्री तापाने फणफणतो. आधी ग्राइंडरने जस्त काढावे.

प्लायची कड हे त्याचे तोंड समजा. पाणी तिथूनच पिते ते. कापलेली प्रत्येक कड आणि बोल्टसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाची आतली बाजू इपॉक्सीने बंद करायची, मगच बोल्ट. फळ्यांत तीन-चार मिलिमीटरची फट सोडा. भिजून फुगल्या की त्यांना जागा लागते. हौद्याच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायला भोके हवीत.

वर घालायच्या रबरी चटईबद्दल वाचक नेहमी विचारतात. यंत्रे वाहताना ती जरूर घाला, पण कायम पसरून ठेवू नका. तिच्याखाली ओल आणि खत दोन्ही मुक्काम करतात. फवाऱ्याने मारतात तो पॉलियुरियाचा जाड थर त्यापेक्षा चांगला, कारण तो पत्र्याला चिकटून बसतो. मात्र गंजावर मारला तर गंज आत झाकून ठेवतो, इतकेच.

आपल्याकडे पाऊस कमी असला तरी खताच्या फेरीनंतर धुणे टाळता येत नाही. जाणकार चालक खताची फेरी उतरली की हौदा आधी कोरडा झाडून घेतात, मग भरपूर पाण्याने धुतात, आणि गाडी थोड्या उतारावर, फाळका उघडा टाकून वाळवतात. अर्धवट धुणे न धुण्यापेक्षा वाईट, कारण कोरडे मीठ पाण्याबरोबर फटीत उतरते.

या रविवारी एवढे करा. टॉर्च आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा आणि प्रत्येक आडव्या चॅनेलच्या माथ्यावर टोचून बघा. टोक आत गेले तर पाऊस सुरू होण्याआधी तळ उचला. पुढच्या आठवड्यात फाळके आणि त्यांची बिजागरे.