बापाचा सूड, आईचं रक्त

इसवी सनपूर्व 458 मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत एस्किलसची ‘ओरेस्तेइया’ ही नाट्यत्रयी पहिली आली. गोष्ट एकाच घरात मुरलेल्या सुडाची. ट्रॉयवर निघालेल्या गलबतांना वारा मिळावा म्हणून अगामेम्नॉनने पोटच्या पोरीचा, इफिजेनियाचा, बळी दिला. तो जिंकून परतला तेव्हा बायको क्लायटेम्नेस्ट्राने त्याला न्हाणीघरात वस्त्रात गुरफटवून मारलं. आता पेच मुलाचा. ओरेस्टिसने बापाचा सूड घेतला नाही तर अपोलो कोपणार. घेतला तर आईच्या रक्ताचा जाब विचारणाऱ्या एरिनिस देवता पाठीस लागणार. ऐन वेळी आई छाती उघडी करून त्याला दुधाची आठवण देते. तो थबकतो आणि मित्र पिलाडीसला विचारतो, काय करू? तोवर मुकाच असलेला पिलाडीस बोलतो, अवघ्या तीन ओळी. एवढी नेमकी नाट्ययुक्ती क्वचितच सापडते.

ओरेस्टिस आईला मारतो आणि एरिनिस त्याच्या पाठीस लागतात. पुढे त्याच्या निवाड्यासाठी देवी अथेना न्यायसभा भरवते, मतं समसमान पडतात आणि ओरेस्टिस सुटतो. अपोलोचा युक्तिवाद मात्र आज ऐकवत नाही: आई म्हणे जन्मदाती नव्हेच, बापाच्या बीजाची नुसती राखणदार! खवळलेल्या एरिनिसना अथेना हाकलत नाही. समजूत घालून नगरीतच मानाचं ठाणं देते.