पट्टी पुसट होते तेव्हा

७.३० : डंडीत डिसेंबरात या वेळी मिट्ट काळोख असतो. आल्याआल्या मायक्रोस्कोपखाली पेशी बघते. हेला पेशी तळाला घट्ट धरून आहेत, मीडियम स्वच्छ. म्हणजे आज काम होणार.

८.३० : प्लेटला सहा वेल. एकात नुसतं डीएमएसओ. चारांत एमझेड-१, दहादहा पटीनं वाढवत, १० नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत. सहाव्यात त्याचाच जुळा, पण एका कोपऱ्याची दिशा उलटलेली, म्हणून निकामी. एमझेड-१ हा रेणू याच शहरातल्या विद्यापीठात घडला, २०१५ साली जगापुढे आला. त्याचं एक टोक बीआरडी-४ला धरतं. अनेक कर्करोगांत मिक जनुकाला फूस देणारं हे प्रथिन. दुसरं टोक धरतं व्हीएचएलला. टाकाऊ प्रथिनांवर युबिक्विटिनचा शिक्का मारणाऱ्या यंत्रणेचा तो भाग. दोघं शेजारी आली की शिक्का बसतो, आणि प्रोटिअसोम बीआरडी-४चे तुकडे करतं. रेणू मात्र सुटून पुढच्याला गाठायला मोकळा. म्हणून थोडासा पुरतो.

१०.३० : कालच्या ब्लॉटचा फोटो. बीआरडी-४ची पट्टी पहिल्या लेनमध्ये काळीभोर, मग पुसट, १ मायक्रोमोलरला जवळजवळ नाहीशी. आणि १० मायक्रोमोलरला पुन्हा उमटलेली! कितीदा पाहिलं तरी इथे थांबायला होतं. रेणू इतके झाले की एक प्रथिनाला बिलगतो, दुसरा व्हीएचएलला, आणि ती दोघं भेटतच नाहीत.

१२.३० : पेशी बर्फावर फोडायच्या. इथे रेंगाळून चालत नाही.

१.०० : साताऱ्यात साडेसहा. बाबांना मायलोमा, म्हणजे रक्ताचा कर्करोग आहे. लेनालिडोमाइड २१ दिवस, मग सात दिवस खंड.

"बाबा, आज कितवा दिवस?"

"सतरावा. तुझी आई कॅलेंडरवर फुली मारते."

वहिनी गरोदर आहे. त्या कॅप्सूलना तिनं हात लावायचा नाही, हे पुन्हा बजावते. थॅलिडोमाइडचंच हे भावंड. १९६१च्या अखेरीस पश्चिम जर्मनीत ते बंद झालं, तोवर हजारो बाळांचे हातपाय खुंटले होते. ते सेरेब्लॉनला, म्हणजे व्हीएचएलसारख्याच शिक्का मारणाऱ्या यंत्रणेच्या एका भागाला चिकटतं, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. २०१४ मध्ये उलगडलं, की लेनालिडोमाइड चिकटलं की सेरेब्लॉनची यंत्रणा इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांवर शिक्का मारू लागते, आणि मायलोमाच्या पेशी त्यांच्याच जोरावर जगतात. रुग्ण तर हे औषध कित्येक वर्षं घेतच होते.

४.०० : जेल उतरवून ट्रान्सफर लावला. बाहेर अंधार. साताऱ्यात साडेनऊ, बाबांची कॅप्सूल घ्यायची वेळ.

६.३० : मेंब्रेन अँटिबॉडीत घालून कोल्ड रूममध्ये ठेवली. ४ अंशांवर, रॉकरवर, रात्रभर डुलत राहील.